‘अनायलेट’ : एका क्रियापदाचा अभ्यास



आज आपण एका इंग्रजी क्रियापदाचा अभ्यास करणार आहोत. धम्माच्या पाक्षिकात इंग्रजीचा पाठ कशासाठी, असे कोणास वाटेल. पण हे क्रियापद आपल्या घरात केव्हाच येऊन बसले आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘अनायलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथाच्या नावात ते नामाच्या रूपाने आहे. जयंतीच्या सभेत आपण ते ऐकतो, विहारातल्या कपाटावर ते वाचतो. मात्र त्याचा नेमका अर्थ काय, ते वाक्यात कसे वापरावे, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

मलाही पुष्कळ वर्षे सांगता येत नव्हते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. पहिल्याच वर्षी इंग्रजीच्या तासाला प्राध्यापकांनी विचारले, “अवांतर वाचन काय केले?” मी अभिमानाने उभा राहिलो आणि ‘ॲन्निहिलेशन ऑफ कास्ट’ असे अक्षरांवरून जसे दिसते तसे म्हणालो. वर्ग हसला. प्राध्यापकही हसले आणि पुढच्या मुलाकडे वळले. बरोबर उच्चार कोणीच सांगितला नाही. त्यानंतर कित्येक वर्षे मी हा शब्द चारचौघांत टाळत आलो. आज तुमच्या मुलामुलींवर तशी पाळी येऊ नये, म्हणून हा पाठ. कोणी चुकले तर हसू नका. बरोबर काय ते सांगा.

१. उच्चार आणि स्पेलिंग

उच्चार असा : अ-नाय-अ-लेट. जोर ‘नाय’वर द्यावा. सलग म्हणताना तो ‘अनायलेट’ असा ऐकू येतो. स्पेलिंग असे : ए, एन, एन, आय, एच, आय, एल, ए, टी, ई. एकूण दहा अक्षरे. त्यात ‘एच’ लिहायचा, पण उच्चारायचा नाही. ‘ऑनेस्ट’ आणि ‘अवर’ या शब्दांच्या आरंभी जसा ‘एच’ मुका असतो, तसाच तो येथे मध्ये मुका आहे. ‘एन’ दोन वेळा येतो, हे विसरू नये.

भूतकाळ ‘अनायलेटेड’, चालू क्रियेचे रूप ‘अनायलेटिंग’ आणि नाम ‘अनायलेशन’. नामात जोर ‘ले’वर सरकतो. त्याच ग्रंथनामातील ‘कास्ट’ या शब्दाच्या शेवटी ‘ई’ लिहावयाची असते. ती गाळली तर ‘फेकणे’ या अर्थाचा दुसराच शब्द होतो. उत्तरपत्रिकांत ही चूक फार आढळते.

२. शब्दाचे मूळ

हा शब्द लॅटिन भाषेतून आला आहे. त्याचे तीन तुकडे पडतात. पहिला तुकडा ‘अ‍ॅड’, म्हणजे ‘कडे’; पुढच्या ‘एन’च्या संगतीने त्याचे ‘अ‍ॅन’ झाले. दुसरा ‘निहिल’, म्हणजे ‘काही नाही’. तिसरा ‘एट’, म्हणजे क्रियापद करणारा प्रत्यय. हा प्रत्यय आपल्या ओळखीचा आहे. बाबासाहेबांनी दिलेल्या संदेशातील ‘एज्युकेट’ आणि ‘ॲजिटेट’ या दोन्ही क्रियापदांच्या शेवटी तोच आहे.

‘निहिल’ हा शब्दही तितका परका नाही. शाळेच्या तक्त्यात एखादी संख्या शून्य असली की आपण ‘निल’ लिहितो. हे ‘निल’ म्हणजे लॅटिनमधील ‘निहिल’चेच आखूड रूप. म्हणून ‘अनायलेट’ करणे म्हणजे एखादी गोष्ट ‘निल’ करणे, शून्याला नेणे, काहीही शिल्लक न ठेवणे. एवढे ध्यानात ठेवले की अर्थ विसरणार नाही आणि स्पेलिंगमधला मुका ‘एच’ कोठून आला तेही कळेल.

३. शेजारचे शब्द

शब्दाचा अर्थ खरा कळतो तो त्याच्या शेजाऱ्यांशी ताडून पाहिल्यावर. चार शेजारी घेऊ.

‘ब्रेक’ म्हणजे मोडणे, तोडणे. कप फुटतो, खाट मोडते. पण मोडलेली खाट सुतार सांधून देतो. मोडलेले पुन्हा जोडता येते.

‘डिस्ट्रॉय’ म्हणजे नाश करणे. पुराने घर नष्ट केले तरी दगडमातीचा ढीग उरतो. त्याच दगडांनी त्याच जागी पुन्हा तसेच घर उभे राहू शकते.

‘ॲबॉलिश’ म्हणजे अधिकाराने, कायद्याने बंद करणे. हे क्रियापद प्रथा, कर, शिक्षा, पद यांना लागते. वस्तूला किंवा माणसाला लागत नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १७ मध्ये अस्पृश्यतेसंबंधी हेच क्रियापद आहे. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले आणि अस्पृश्यता पाळणे कायद्याने निषिद्ध ठरले.

‘इरॅडिकेट’ म्हणजे मुळासकट उपटणे. याच्या पोटात लॅटिनमधील ‘मूळ’ या अर्थाचा शब्द आहे. रोगराईला हे क्रियापद चांगले लागते. ज्या रोगाला आपले वाडवडील ‘देवी’ म्हणत आणि कोपलेली देवता समजून नवस बोलत, तो रोग नवसाने गेला नाही. लस टोचून, गावोगाव रोगी शोधून तो हटविला गेला, आणि १९८० मध्ये तो जगातून गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. तेथे ‘इरॅडिकेट’ हाच शब्द वापरतात.

आता ‘अनायलेट’. मोडणे नव्हे, पाडणे नव्हे, कायद्याने बंद करणेही नव्हे. जे होते ते आता नाहीच, अशी अवस्था आणणे. या क्रियापदाच्या पलीकडे पायरी नाही.

मराठीत यासाठी निर्मूलन, उच्चाटन, विध्वंसन असे शब्द वापरले जातात. तिन्ही चांगले आहेत, पण तिन्हींची छटा वेगळी आहे. निर्मूलनात मूळ काढणे आहे, उच्चाटनात हाकलून लावणे आहे, विध्वंसनात पाडून टाकणे आहे. माझ्या मते सर्वांत जवळचा शब्द ‘निःशेष करणे’. त्यात शेष, म्हणजे बाकी, उरत नाही. पुष्कळ जण ‘नामशेष’ म्हणतात. पण नामशेष याचा अर्थ नाव तेवढे शेष राहिलेले. निःशेष आणि नामशेष यांतला हा फरक नीट लक्षात ठेवावा; पुढे तो कामी येणार आहे.

४. वाक्यात उपयोग

पहिला नियम. हे सकर्मक क्रियापद आहे. कोणाला किंवा कशाला, ते सांगितल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. ‘द बॉम्ब अनायलेटेड द टाऊन’, म्हणजे बॉम्बने ते शहर निःशेष केले. नुसते ‘द बॉम्ब अनायलेटेड’ हे वाक्य अपुरे आहे.

दुसरा नियम. कर्म लगेच पुढे येते, मध्ये शब्दयोगी अव्यय लागत नाही. आपण मराठीत विचार करतो, ‘समाजातून जात नाहीशी करा’, आणि मग इंग्रजीत ‘अनायलेट’नंतर ‘फ्रॉम सोसायटी’ जोडतो. ते बरोबर दिसत नाही. ‘फ्रॉम’ हवाच असेल तर ‘इरॅडिकेट’ घ्यावे. नाम वापरताना मात्र ‘ऑफ’ येतो : ‘अनायलेशन ऑफ कास्ट’.

तिसरा नियम. ‘थोडेसे’ या अर्थाचा शब्द याला जोडू नये. शून्य थोडेसे होत नाही. ‘ऑलमोस्ट अनायलेटेड’, म्हणजे जवळजवळ निःशेष, हे चालते, कारण त्यात ‘अजून झाले नाही’ ही कबुली आहे.

चौथा नियम. क्षुल्लक गोष्टीला हे क्रियापद लावू नये. कागद फाडला, पेन्सिल मोडली, तेथे ते हास्यास्पद होते. क्रिकेटच्या बातमीत एका संघाने दुसऱ्याला ‘अनायलेट’ केले असे छापतात. ती वर्तमानपत्री अतिशयोक्ती होय. वाचावी, परीक्षेत लिहू नये.

पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा. कर्म कोण आहे ते पाहून हे क्रियापद उचलावे. कर्माच्या जागी सैन्य किंवा लोक आले तर ते कत्तलीचे वाक्य होते. कर्माच्या जागी एखादी कल्पना किंवा दुष्ट रूढी आली तर त्यात रक्ताचा थेंबही नाही. क्रियापद तेच, पण कर्म बदलले की अर्थाची नीती बदलते.

आता ग्रंथाचे नाव पुन्हा पाहा. त्यात ‘कास्ट’ एकवचनी आहे आणि त्याच्या आधी ‘द’ नाही. ‘द कास्ट’ म्हटले असते तर अमुक एक जात असा अर्थ निघाला असता. ‘द कास्ट्स’ म्हटले असते तर त्या त्या जातींचे लोक डोळ्यांपुढे आले असते. नुसते ‘कास्ट’ म्हणजे जात ही व्यवस्था, जात ही कल्पना. बाबासाहेबांना कोणत्याही जातीची माणसे नष्ट करावयाची नव्हती, हे त्या नावाच्या व्याकरणातच स्पष्ट आहे. यावरून कोणी आक्षेप घेतला तर आवाज चढवू नका. एवढे व्याकरण समजावून सांगा.

५. हाच शब्द का?

या ग्रंथाचा इतिहास थोडक्यात असा. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने १९३६ च्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षस्थान बाबासाहेबांना दिले. त्याआधी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, त्यांनी येवल्यास धर्मांतराची घोषणा केलेली होती. अध्यक्षीय भाषणाचा मजकूर पाहून मंडळाचे चालक बिचकले. शास्त्रांवरील टीका आणि हिंदू धर्म सोडण्याचा उल्लेख त्यांना नको होता. काही भाग वगळावा असे त्यांनी सुचविले. बाबासाहेबांनी कळविले की, आपण एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली. न झालेले ते भाषण बाबासाहेबांनी त्याच वर्षी मे महिन्यात स्वखर्चाने छापले. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या.

आता दोन क्रियापदे शेजारी ठेवा. मंडळाच्या नावात ‘तोडक’ आहे, म्हणजे तोडणारे. बाबासाहेबांच्या ग्रंथाच्या नावात ‘अनायलेशन’ आहे. एकत्र जेवण झाले की जात तुटली, असे मानणारे सुधारक त्या काळी बरेच होते. बाबासाहेबांनी सहभोजन अपुरे म्हटले, मिश्रविवाहाला खरा उपाय म्हटले, आणि त्याच्याही मुळाशी जाऊन विचारले की लोक जात पाळतात ती का? धर्मशास्त्रे पवित्र मानतात म्हणून. तेव्हा शास्त्रांच्या पावित्र्यावरील श्रद्धाच गेली पाहिजे. जात ही विटांची भिंत नाही की काटेरी तारेचे कुंपण नाही, ती मनाची एक अवस्था आहे, असे त्यांनी त्यात मांडले आहे. भिंत असती तर ‘ब्रेक’ पुरले असते. मनातील कल्पना तोडली तर तिचे दोन तुकडे मनातच राहतात. म्हणून तेथे ‘निल’ करणारे क्रियापद पाहिजे.

आणखी एक गोष्ट पाहा. पुढे हेच बाबासाहेब संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. अनुच्छेद १७ मध्ये शब्द आला तो ‘ॲबॉलिश’, कारण ते कायद्याचे काम होते. अस्पृश्यतेचे आचरण कायदा बंद करू शकतो, करणाऱ्यास शिक्षा देऊ शकतो. मनातल्या जातीला शून्यावर आणणे हे दुसरे काम, त्याला दुसरे क्रियापद. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

६. भगवंतांवरील आरोप

हे क्रियापद आपल्या धम्मालाही जुने आहे. पाली वाङ्मयात वेरंजा गावचा एक प्रसंग आहे. तेथील एक ब्राह्मण भगवान बुद्धांकडे आला. श्रमण गौतम वृद्ध ब्राह्मणांना अभिवादन करीत नाही, त्यांना पाहून उठून उभा राहत नाही, त्यांना आसन देत नाही, अशी त्याची तक्रार होती. तिच्यापाठोपाठ त्याने एकामागून एक दूषणे दिली. त्यांतले एक होते ‘उच्छेदवादी’. इंग्रजी अनुवादात या ठिकाणी ‘अनायलेशनिस्ट’ हा शब्द येतो. म्हणजे आपलेच क्रियापद!

भगवान रागावले नाहीत. त्यांनी तो शब्द नाकारलाही नाही. एका अर्थाने मला उच्छेदवादी म्हणता येईल, असे ते म्हणाले. कारण मी लोभाचा, द्वेषाचा आणि मोहाचा उच्छेद शिकवितो. पण तुझ्या मनात आहे त्या अर्थाने मात्र नाही.

वर पाचव्या नियमात जे सांगितले तेच येथे आहे. आरोप करणाऱ्याने क्रियापद फेकले, भगवंतांनी त्याचे कर्म बदलून दिले. आणि आरोपाचे मूळ कारण काय, तर जन्मावरून कोणापुढे वाकणार नाही एवढेच. म्हणून जातीच्या संबंधात कोणी तुम्हाला विध्वंसक म्हटले तर गांगरू नये. कशाचा विध्वंस, ते शांतपणे सांगावे.

७. कर्ता कोण?

नामात एक सोय असते. ‘अनायलेशन ऑफ कास्ट’ म्हटले की कर्ता सांगावा लागत नाही. कोणीतरी करील, केव्हातरी होईल. पण नामाचे क्रियापद केले की कर्ता द्यावाच लागतो. कोण निःशेष करणार? सरकार? पुढारी? की आम्ही?

येथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. धाकट्या भावासाठी स्थळ पाहावयास गेलो होतो. मुलगी शिकलेली, घर बौद्ध, भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, वंदना झाली, चहा झाला. आणि मी, इंग्रजीचा शिक्षक, विचारून गेलो, “तुम्ही मूळचे कोणत्या पोटजातीतले?” मुलीच्या वडिलांनी खाली पाहिले. मुलगी म्हणाली, “सर, आम्ही दीक्षा घेतली तेव्हा ते तिथेच ठेवून आलो.” ती रागाने बोलली नाही, आणि मला उत्तर सुचले नाही. शब्दाचा उच्चार, स्पेलिंग, मूळ सारे मला पाठ होते. वाक्याचा कर्ता मात्र मी झालो नव्हतो. पुढे मी पुन्हा त्यांच्या घरी गेलो, वडीलधाऱ्यांची आणि तिची क्षमा मागितली, आणि मगच बोलणे पुढे नेले. आज ती माझी भावजय आहे, आणि हा लेख प्रथम तिनेच वाचला आहे.

नव्याने धम्मात आलेल्या कुटुंबांना हे विशेष सांगावेसे वाटते. विहारात तुम्हाला कोणी “पूर्वीचे कोण?” असे विचारील. विचारणारा पिढ्यांचा बौद्धही असेल. त्याला तेथेच नम्रपणे थांबवा. आणि तुमच्यानंतर येणाऱ्यास तुम्ही तो प्रश्न विचारू नका. देव्हाऱ्यातले जुने देव काढून अडगळीच्या खोलीत ठेवले, लग्नात पंचशील घेतले पण स्थळ पोटजातीतलेच पाहिले, तर ते फार तर ‘ऑलमोस्ट’ झाले.

येथे एक शंका येईल. मग शाळेच्या फॉर्मवर, दाखल्यावर जात का लिहावयाची? बौद्धांना अनुसूचित जातींचे हक्क मिळावेत म्हणून १९९० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तो दाखला झालेल्या अन्यायाच्या भरपाईचा कागद आहे. तो अवश्य काढावा, त्याची लाज बाळगू नये. कागदावर जात नामशेष आहे, म्हणजे नावापुरती उरली आहे. मनात ती निःशेष झाली पाहिजे. कागद कपाटात ठेवावा. त्यातले नाव जेवणाच्या ताटावर आणि लग्नाच्या बोलणीत आणू नये.

८. स्वाध्याय

घरातील विद्यार्थ्यांनी वहीत लिहावे, वडील मंडळींनी तोंडी उत्तरे द्यावीत.

(अ) ‘अनायलेट’चे स्पेलिंग न पाहता पाच वेळा लिहा. मुका वर्ण कोणता, ते सांगा.

(आ) योग्य क्रियापद निवडा : ब्रेक, ॲबॉलिश, इरॅडिकेट, अनायलेट.
१) संसदेने एक जुना कर रद्द केला.
२) मुलाच्या हातून बशी फुटली.
३) डॉक्टरांनी देशातून रोग समूळ घालविला.
४) आम्ही मनातील जातीची कल्पना निःशेष करू.

(इ) ‘अनायलेशन ऑफ कास्ट’ या शब्दसमूहाचे क्रियापद वापरून पूर्ण वाक्य करा. कर्ता प्रथमपुरुषी असावा.

उत्तरे : (आ) १) ॲबॉलिश, २) ब्रेक, ३) इरॅडिकेट, ४) अनायलेट. (इ) ‘वुई शॅल अनायलेट कास्ट.’

शेवटचे वाक्य घरातल्या प्रत्येकाने एकदा मोठ्याने म्हणावे. आजीला इंग्रजी येत नसेल तर नातवाने तिला ते मराठीत सांगावे : आम्ही जात निःशेष करू. त्यात ‘आम्ही’ हा शब्द गाळू नये.

जयभीम. नमो बुद्धाय.